टर्मिनस : हद्दीच्या दगडापासून शेवटच्या स्थानकापर्यंत

टर्मिनस हा इंग्रजीतून मराठीत आलेला मूळचा लॅटिन शब्द आहे. रेल्वे किंवा बसचा मार्ग जिथे संपतो ते ठिकाण, हा त्याचा आजचा सर्वांना ठाऊक असलेला अर्थ. टर्मिनल, टर्मिनेट, टर्मिनेशन आणि टर्म हे शब्द त्याच्याच घरातले. त्यामुळे या साऱ्या कुटुंबाचा मूळ अर्थ ‘शेवट’ असावा, असा समज सहज होतो. तो अर्धाच बरोबर आहे. टर्मिनसचा पहिला अर्थ शेवट नव्हता, हद्द होता. त्यातही शेताच्या बांधावर पुरलेला हद्दीचा दगड. शेवटाला एकच बाजू असते, हद्दीला दोन असतात. दगडाच्या अलीकडे एकाचे शेत संपते आणि पलीकडे दुसऱ्याचे सुरू होते. या शब्दाच्या पुढच्या प्रवासात जे जे अर्थ त्याला चिकटले, त्यांतले बहुतेक या दुहेरीपणातून निघालेले आहेत.

प्राचीन रोममध्ये हद्दीचा दगड ही साधी वस्तू नव्हती. तो पुरताना विधी होत असे. खड्डा खणून त्यात बळीचे रक्त, धूप, मध आणि मद्य घालत, सगळे जाळून टाकत आणि त्या तप्त राखेवर दगड उभा करत. या दगडाचाच देव झाला आणि त्याचे नावही टर्मिनस. नुमा या रोमच्या दुसऱ्या राजाने ही पूजा सुरू केली अशी रोमन परंपरा सांगते. नांगरताना हद्दीचा दगड उखडून टाकणारा माणूस आणि त्याचे बैल दोघेही शापित ठरत, असा नियमही त्याच राजाच्या नावावर सांगितला जातो. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचे दुखणे ज्याला माहीत आहे, त्याला या नियमामागची कळकळ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या देवाचा सण 23 फेब्रुवारीला असे. त्याचे नाव टर्मिनालिया. दोन शेजारी आपापल्या बाजूने दगडाजवळ येत, आपापल्या बाजूने त्याला हार घालत आणि तिथेच अग्नी पेटवून धान्य, मधाचे पोळे आणि मद्य वाहत. मग दोन्ही घरची माणसे एकत्र जेवत. कवी ओव्हिडने या सणाचे बारकाईने वर्णन केले आहे. जी रेघ भांडणाचे मूळ ठरू शकते, तिच्यावरच वर्षातून एकदा एकत्र बसण्याची ही रीत होती. सणाच्या तारखेलाही अर्थ होता. रोमनांच्या जुन्या पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून फेब्रुवारी हा वर्षाचा शेवटचा महिना. अधिक महिना घालायचा असे तेव्हा तो याच तारखेनंतर घालत. म्हणजे टर्मिनालिया ही जमिनीची आणि काळाची, अशा दोन्ही हद्दींची पूजा होती.

टर्मिनसबद्दलची सर्वांत प्रसिद्ध कथा रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवरची आहे. तार्क्विन राजाला तिथे ज्युपिटरचे भव्य मंदिर बांधायचे होते. जागा मोकळी करण्यासाठी आधीच्या छोट्या देवस्थानांना कौल लावण्यात आला. बाकीच्या देवांनी हलण्यास होकार दिला, टर्मिनसने दिला नाही. शेवटी त्याचा दगड जागेवरच ठेवून त्याच्याभोवती मंदिर बांधले गेले. त्याची पूजा उघड्या आकाशाखालीच व्हायला हवी म्हणून वरच्या छताला भोक ठेवले होते, असे ओव्हिड सांगतो. देव हलला नाही याचा अर्थ रोमची सीमा कधी मागे हटणार नाही, असा लावला गेला. पुढे इ.स. 117 मध्ये हेड्रियन सम्राटाने मेसोपोटेमियासह पूर्वेकडचे नवे जिंकलेले प्रांत सोडून दिले, आणि त्याचा संदर्भ देऊन संत ऑगस्टीनने या समजुतीवर नेमके बोट ठेवले : ज्युपिटरपुढे न हटलेला टर्मिनस एका माणसापुढे हटला.

‘हद्द’ या अर्थाचे ‘अंत’ या अर्थाकडे झुकणे किती सोपे होते, हे आणखी एका घटनेत दिसते. इ.स. 303 मध्ये डायोक्लेशन सम्राटाच्या राजवटीत ख्रिस्ती धर्मीयांचा मोठा छळ सुरू झाला. निकोमीडिया येथील त्यांचे प्रार्थनास्थळ पाडण्यासाठी मुद्दाम 23 फेब्रुवारी हा दिवस निवडला गेला. टर्मिनसच्या सणाला या धर्मालाही टर्मिनस लागावा, अशी त्यामागची कल्पना असल्याचे त्या काळचा लेखक लॅक्टॅन्शियस नोंदवतो. शेतांच्या मधला दगड इथे एका समाजाच्या नाशाची खूण झाला. ‘एक्स्टर्मिनेट’ या इंग्रजी क्रियापदाचा प्रवासही असाच आहे. लॅटिनमधला मूळ अर्थ ‘हद्दीबाहेर घालवणे’ एवढाच. मराठीत तडीपार करणे म्हणतात तेच. इंग्रजीतही सुरुवातीला तो हद्दपारीच्या अर्थाने वापरला गेला. आज त्याचा अर्थ समूळ संहार असा आहे.

सोळाव्या शतकात विद्वान इरास्मसने टर्मिनसला आपले वैयक्तिक चिन्ह केले. 1509 मध्ये इटलीत त्याच्या एका स्कॉटिश शिष्याने त्याला जुन्या कोरीव खड्याची अंगठी भेट दिली. तीवरची आकृती टर्मिनसची आहे असे कळल्यावर इरास्मसने ती आपल्या मुद्रेवर घेतली, सोबत ‘मी कुणापुढे हटत नाही’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द घातले. विरोधकांना हा उद्धटपणा वाटला. त्यावर 1528 मध्ये त्याने पत्र लिहून खुलासा केला : हे बोलणारा मी नाही, टर्मिनस आहे, आणि टर्मिनस म्हणजे मृत्यू. तो कुणापुढे हटत नाही. बांधावरच्या दगडाचा अर्थ आयुष्याच्या शेवटच्या रेघेपर्यंत पोहोचलेला इथे स्पष्ट दिसतो.

हा शब्द मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. ओलांडणे, पार जाणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूपासून तो आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातला तॄ धातू त्याच कुळातला. तरणे, तीर, तीर्थ, अवतार हे शब्द याच धातूचे. संस्कृतात ‘तर्मन्’ असा एक शब्दही आहे. यज्ञात पशू बांधण्याच्या खांबाला यूप म्हणत. त्या यूपाचे टोक म्हणजे तर्मन्. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत कोशात या शब्दापुढे लॅटिन टर्मिनस तुलनेसाठी दिलेला आहे. ग्रीकमध्ये ‘तेर्मा’ म्हणजे शर्यतीत रथ जिथून वळतात तो खांब. एकीकडे खांबाचे टोक, दुसरीकडे वळणाची जागा, तिसरीकडे बांधाचा दगड. तीर्थ आणि टर्मिनस हे दूरचे भाऊबंद आहेत, आणि दोघांच्याही पोटात ‘पलीकडे जाणे’ लपलेले आहे.

देशी शब्दांपैकी टर्मिनसच्या मूळ अर्थाला अगदी जवळचा शब्द म्हणजे शीव. संस्कृत सीमेचे हे मराठी रूप. गावाची शीव, शिवार, शिवेवरचा देव हे सारे त्याच्याच परिवारातले. मुंबईतले शीव हे ठिकाण नावातच हद्द सांगते : मुंबई बेट तिथे संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. खरेदीखतात आजही जमिनीच्या चतुःसीमा लिहाव्या लागतात. दगडाने हद्दीची राखण करण्याची रीतही इकडे होती. शिलाहार काळापासून पुढे महाराष्ट्रात आणि गोव्यात आढळणारे गद्धेगळ याची साक्ष देतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शापदर्शक चित्र, अशी त्यांची रचना असते. दान दिलेल्या जमिनीचा करार मोडणाऱ्याला ही शिवी आहे. अलिबागजवळ अक्षी येथे असलेला प्रसिद्ध मराठी शिलालेख हा गद्धेगळच आहे. रोमन शेतकऱ्याचा शापाचा नियम आणि कोकणातला हा दगड यांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध नाही. जमिनीवर पोट असलेल्या दोन समाजांना सुचलेला तो सारखाच उपाय आहे.

लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘टर्म’ हा टर्मिनसचाच मुलगा, आणि घरातला सर्वांत उद्योगी. शाळेची टर्म, विम्याची टर्म, कराराच्या टर्म्स, बीजगणितातली टर्म आणि शास्त्रातली टर्म, असे पाच वेगळे अर्थ तो सांभाळतो. मराठीने मात्र प्रत्येकासाठी वेगळा शब्द ठेवला आहे : सत्र, मुदत, अटी, पद आणि संज्ञा. वरवर पाहता या पाचांत काही समान दिसत नाही. हद्दीचा दगड डोळ्यांपुढे ठेवला की दिसते. सत्र आणि मुदत या काळाच्या हद्दी आहेत. अटी या दोन पक्षांनी आपसात आखून घेतलेल्या हद्दी आहेत. बीजगणितातले पद आणि तर्कशास्त्रातले पद यांचा उगम ग्रीक आहे. ग्रीकमध्ये ‘होरोस’ म्हणजे हद्दीचा दगड. ॲरिस्टॉटलने विधानाच्या दोन टोकांना हाच शब्द वापरला आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्याच्या जागी टर्मिनस घातला. तिथून शास्त्रीय संज्ञेला टर्म म्हणण्याची रीत पडली. संज्ञा हे एक कुंपणच असते. या शब्दात काय बसते आणि काय बसत नाही, ते ती ठरवते. ‘डिटर्मिन’ म्हणजे ठरवणे, निश्चित करणे, यातही मुळात हद्द आखणेच आहे.

त्यामुळे टर्मचे भाषांतर करताना संदर्भ न पाहता एकच मराठी शब्द सगळीकडे घालणे धोक्याचे असते. टर्म इन्शुरन्स म्हणजे मुदतीचा विमा. त्यात ठरलेल्या मुदतीत विमाधारकाचा मृत्यू झाला तरच रक्कम मिळते. मुदत संपल्यावर तो हयात असेल तर साध्या योजनेत काही परत मिळत नाही. इथला ‘टर्म’ अटींशी संबंधित नाही, काळाच्या हद्दीशी आहे. हा एक शब्द नीट समजला असता तर बऱ्याच कुटुंबांचा हिरमोड टळला असता.

टर्मिनेट हे क्रियापद आणि टर्मिनेशन हे नाम मराठी बोलण्यात येतात ते प्रामुख्याने नोकरीच्या संदर्भात. ‘त्याला टर्मिनेट केले’ असे ऐकले की ऐकणाऱ्याच्या मनात गुन्हा, चौकशी, शिक्षा असे सगळे उभे राहते. इंग्रजी शब्दात तेवढे नाही. टर्मिनेशन म्हणजे सेवासमाप्ती. कराराची मुदत संपली, पद रद्द झाले, परिविक्षेचा काळ समाधानकारक गेला नाही, यांपैकी कुठल्याही कारणाने ती होऊ शकते. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढून टाकणे म्हणजे बडतर्फी. इंग्रजीत त्यासाठी डिसमिसल हा वेगळा शब्द आहे. कार्यालयीन मराठीत बडतर्फ, सेवासमाप्ती, कार्यमुक्त आणि निलंबित या चार शब्दांचे अर्थ चार आहेत, आणि सगळ्यांच्या जागी ‘टर्मिनेट’ वापरल्याने माणसाची नाहक बदनामी होते. निलंबित माणसाची तर नोकरी गेलेलीच नसते.

वैद्यकात हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी जपून वापरावा लागतो. भारतातला 1971 चा गर्भपाताविषयीचा कायदा ‘मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी’ या नावाने ओळखला जातो. त्यातला टर्मिनेशन हा शब्द मुद्दाम निवडलेला, तटस्थ आहे. मराठीतल्या ‘गर्भपात’ या एकाच शब्दात आपोआप झालेला आणि वैद्यकीय उपायांनी केलेला असे दोन्ही येतात, म्हणून कायद्याच्या भाषेत ‘वैद्यकीय गर्भपात’ म्हणणे अधिक नेमके. दुसरे ठिकाण म्हणजे ‘टर्मिनल’ आजार. बरा होण्याची शक्यता नसलेला आणि मृत्यूकडे नेणारा आजार असा त्याचा अर्थ. अनेक जण त्याचा अर्थ ‘आता काहीच करण्यासारखे उरलेले नाही’ असा घेतात, आणि ते चूक आहे. अशा रुग्णाच्या वेदना कमी करणे, श्वासाचा त्रास कमी करणे, त्याला घरच्या माणसांत राहता यावे असे पाहणे, यासाठी उपशामक उपचार ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. आजार हद्दीशी आला आहे. माणूस अजून हद्दीच्या अलीकडे आहे. हा फरक रुग्णाच्या नातेवाइकांना मराठीत समजेल अशा शब्दांत सांगितला जायला हवा.

शास्त्रांनी या शब्दाचा हद्द हा अर्थ चांगला जपला आहे. चंद्राच्या उजळ आणि अंधाऱ्या भागांमधली रेघ ‘टर्मिनेटर’ म्हणून ओळखली जाते. 1984 च्या चित्रपटामुळे हा शब्द ऐकताच संहारक यंत्रमानव डोळ्यांपुढे येतो, पण आकाशनिरीक्षकांच्या दृष्टीने ती चंद्रावरची सर्वांत देखणी जागा असते. तिथे ऊन तिरपे पडते, सावल्या लांब होतात आणि विवरे व डोंगर साध्या दुर्बिणीतूनही उठून दिसतात. विजेच्या घटाची धन आणि ऋण टोके ही त्याची टर्मिनल्स. गणितात भागाकार कुठेतरी थांबतो तो टर्मिनेटिंग दशांश. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला खंडित दशांश म्हणतात, आणि न थांबणाऱ्याला अखंड.

इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ या शब्दाचा सर्वांत काटेकोर वापर करतात. एखाद्या गोष्टीचा नेमका काळ माहीत नसला तर ते दोन हद्दी आखतात. ज्याच्या आधी ती असूच शकत नाही ती ‘टर्मिनस पोस्ट क्वेम’ आणि ज्याच्या नंतर ती असू शकत नाही ती ‘टर्मिनस आन्ते क्वेम’. मराठी संशोधनात यांना पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा म्हणता येते. समजा, एका पडक्या वाड्याच्या न उकरलेल्या फरशीखाली शिवराई सापडली. शिवराई पाडली जाऊ लागली ती 1674 च्या राज्याभिषेकापासून. म्हणजे ती फरशी 1674 पूर्वीची असू शकत नाही. ती 1680 ची आहे की 1780 ची, हे नाणे सांगत नाही, कारण शिवराई पुढे फार काळ चलनात होती. त्याच वाड्याच्या विक्रीचा 1750 चा कागद मिळाला तर दुसरी हद्द मिळते. ‘नाणे 1674 चे, म्हणून वाडा 1674 चा’ असे विधान स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांत वरचेवर आढळते. तिथे पूर्वमर्यादेलाच तारीख समजण्याची चूक झालेली असते.

वनस्पतिशास्त्रात तर रोमन सणाचे नाव जसेच्या तसे टिकले आहे. टर्मिनालिया ही झाडांची एक प्रजाती. लिनियसने 1767 मध्ये तिला हे नाव दिले, सणावरून नव्हे, तर पाने फांदीच्या टोकाशी गुच्छासारखी येतात म्हणून. सह्याद्रीच्या जंगलातले ऐन, किंजळ, हिरडा आणि बेहडा, नदीकाठचा अर्जुन आणि मुंबईच्या रस्त्यांवरचा देशी बदाम ही सगळी टर्मिनालियाच. त्रिफळा चूर्णातली तीनपैकी दोन फळे, हिरडा आणि बेहडा, या प्रजातीची आहेत. आवळा तेवढा वेगळा. देशी बदामाची फांदी पाहिली तर लिनियसला काय दिसले ते लगेच कळते : टोकाशी पानांचा झुबका, आणि तिथूनच पुढची वाढ.

रेल्वेने या शब्दाला आजचे रूप दिले. इंग्रजीत टर्मिनस सोळाव्या शतकापासून होता, पण विद्वानांच्या लिखाणात. 1830 मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, 1837 मध्ये लंडनचे यूस्टन उघडले, आणि त्याच दशकात लोहमार्गाच्या टोकाच्या स्थानकासाठी हा शब्द रूढ झाला. टोकाच्या स्थानकाची रचनाच वेगळी असते. रूळ तिथे थांबतात, पुढे धक्का झेलणारे बफर असतात आणि त्यापलीकडे मुख्य इमारत. गाडी आत आली की इंजिन डब्यांपुढे अडकते, ते सोडवून दुसऱ्या टोकाला न्यावे लागते किंवा दुसरे जोडावे लागते. लोकलला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, म्हणून ती काही मिनिटांत उलटी निघू शकते.

अमेरिकेत याच अर्थाने टर्मिनल हा शब्द रूढ झाला. न्यूयॉर्कच्या 1913 मधल्या प्रसिद्ध इमारतीचे अधिकृत नाव ग्रँड सेंट्रल टर्मिनल आहे, कारण गाड्या तिथे संपतात. लोक मात्र तिला स्टेशन म्हणतात. जॉर्जिया राज्यात 1837 मध्ये एका नियोजित लोहमार्गाचे टोक ठरवून तिथे खुंटी ठोकण्यात आली. तिच्याभोवती वसलेल्या वस्तीला लोक टर्मिनसच म्हणत. त्याच वस्तीचे पुढे अटलांटा झाले. मार्गाचे टोक हेच मैल मोजण्याचे शून्यही होते.

रोमच्या मध्यवर्ती स्थानकाचे नाव तेर्मिनी. ते टर्मिनसवरून आले असावे असे कुणालाही वाटेल, आणि तिथले रूळही टोकाशी थांबतात. पण हे नाव आहे जवळच्या प्राचीन स्नानगृहांचे. लॅटिन ‘थर्मी’वरून त्या भागाला तेर्मिनी म्हणू लागले. ती स्नानगृहे त्याच डायोक्लेशन सम्राटाची, ज्याच्या काळात टर्मिनालियाचा दिवस छळासाठी निवडला गेला होता. शब्दांचे मूळ केवळ आवाजावरून ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

भारतात हा शब्द स्थानकांच्या नावातच बसला. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्या साध्या स्थानकाच्या परिसरात 1878 पासून नवी इमारत उभी राहू लागली. वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळाले. 1996 मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, 2004 मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि 2017 मध्ये नावात ‘महाराज’ जोडले गेले. बोलण्यात व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी असे तीन पिढ्यांचे तीन संक्षेप चालतात, आणि तिन्हींतला ‘टी’ एकच आहे. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मार्गांचे किलोमीटर इथूनच मोजले जातात. शेवटचे स्थानक म्हणून ओळखली जाणारी ही जागा रेल्वेच्या हिशेबात शून्य आहे.

पश्चिमेकडचे टोक हललेही. एकेकाळी ते कोलाब्याला होते. 1930 च्या अखेरीस कोलाबा स्थानक बंद झाले, लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या मुंबई सेंट्रलला आल्या आणि लोकलसाठी चर्चगेट हे टोक झाले. मुंबई सेंट्रल आणि चर्चगेट दोघांच्याही नावात टर्मिनस हा शब्द नाही, तरी दोन्ही टर्मिनसच. पुढे वांद्रे टर्मिनस आले, कुर्ला टर्मिनसचे लोकमान्य टिळक टर्मिनस झाले. अलीकडे दिल्लीचे आनंद विहार आणि बंगळुरूचे विश्वेश्वरय्या यांच्या नावात टर्मिनल आहे. रेल्वेपुरते पाहिले तर टर्मिनस आणि टर्मिनल यांत अर्थाचा फरक नाही. पहिला ब्रिटिश वळणाचा, दुसरा अमेरिकन. विमानतळ, बंदर आणि संगणक यांच्यासाठी मात्र टर्मिनलच म्हणतात. इंग्रजीत टर्मिनसचे अनेकवचन टर्मिनाय किंवा टर्मिनसेस असे दोन्ही चालते. मराठीत तो बदलत नाही : एक टर्मिनस, चार टर्मिनस.

टर्मिनस म्हणजे सुरुवात, हे कोकणच्या प्रवाशांना चांगले कळलेले आहे. सावंतवाडीला टर्मिनस व्हावे ही तिथली जुनी मागणी आहे. गाडी आपल्याकडे संपावी एवढ्यासाठी कुणी मागणी करत नाही. ती आपल्याकडून सुटावी, रिकामी मिळावी, बसायला जागा मिळावी, यासाठी करतात. उलट एखादी गाडी ठरलेल्या ठिकाणाआधीच थांबवली, की रेल्वेच्या भाषेत ती ‘शॉर्ट टर्मिनेट’ होते. गर्दीच्या वेळी हे शब्द ऐकू आले की प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. ‘गाडी दादरपर्यंतच जाईल’ असे साधे मराठी वाक्य त्याहून लवकर कळते, आणि तेच वापरावे.

मुंबईत या शब्दाचा एक जुना अवशेष आहे, तो ट्रामचा. ट्राम 1874 मध्ये घोड्यांवर सुरू झाली, 1907 मध्ये विजेवर आली. दादरच्या खोदादाद सर्कलजवळ तिच्या मार्गाचे टोक होते, दादर ट्राम टर्मिनस. 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून तिथे पोहोचली आणि सेवा बंद झाली. रूळ गेले, टोकही उरले नाही. त्या चौकाला लोक आजही दादर टी.टी. म्हणतात.